आकडे मिळतात, कारणे मिळत नाहीत

मातामृत्यूंचा प्रश्न संसदेला नवा नाही. अधिवेशन कोणतेही असो, कुठल्या तरी पक्षाचा, कुठल्या तरी राज्याचा सदस्य तो विचारतोच. त्यावर येणाऱ्या उत्तराची चौकटही आता ठरून गेली आहे. प्रारंभी एक वाक्य असते, की सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. त्यानंतर केंद्राच्या योजनांची नावे येतात. शेवटी राज्यनिहाय आकड्यांचे परिशिष्ट जोडलेले असते. सदस्य ते परिशिष्ट चाळतात, आपले राज्य वर आहे की खाली ते पाहतात आणि एखादा पुरवणी प्रश्न विचारून खाली बसतात. वार्ताहर कक्षातील मंडळी आकडे टिपून घेतात. मृत्यू किती झाले, हे सभागृहाला समजते. ते का झाले, हे मात्र समजत नाही. त्या परिशिष्टात कारणांसाठी रकानाच नसतो.

मुळात हे आकडे लपवण्यासारखे नाहीत, उलट अभिमानाने सांगण्यासारखे आहेत, हे प्रथम नमूद करायला हवे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००४-०६ या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर आले आणि २०१९-२१ मध्ये ९३ वर. दीड दशकात एवढी घट घडवणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याचे श्रेय एका पक्षाचे नाही आणि एका सरकारचेही नाही. गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, परिचारिका आणि तुटपुंज्या साधनांवर काम करणारे डॉक्टर यांचे ते श्रेय आहे. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात भारतात सुमारे १९ हजार स्त्रिया गरोदरपणात वा बाळंतपणात मरण पावल्या. दिवसाला हा हिशेब पन्नासच्या वर जातो.

घर सुटले, जबाबदारी आली

या घसरत्या आलेखाच्या आड एक मोठा बदल घडला आहे आणि राजकीयदृष्ट्या तो अधिक महत्त्वाचा आहे. एप्रिल २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली. रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रीला रोख रक्कम देण्याचे धोरण त्या योजनेने आणले. मागास आरोग्यस्थितीच्या राज्यांतील ग्रामीण स्त्रीला १,४०० रुपये मिळू लागले. तिला रुग्णालयापर्यंत आणणाऱ्या आशा कार्यकर्तीलाही मोबदला ठरला. २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि वाहतूक हे सारे मोफत केले. परिणाम असा झाला, की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये ३९ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत होत्या, त्या २०१५-१६ मध्ये ७९ टक्क्यांवर आणि २०१९-२१ मध्ये ८९ टक्क्यांवर पोहोचल्या.

याचा अर्थ साधा आहे. पूर्वी बाळंतीण घरी दगावली, तर अज्ञान, दारिद्र्य, रस्ते, रूढी यांच्याकडे बोट दाखवता येत असे. आता ती सरकारच्या निमंत्रणावरून, सरकारच्या वाहनातून, सरकारच्या छपराखाली आलेली असते. तिच्या शिरेतून जाणारे सलाईन सरकारने खरेदी केलेले असते. शस्त्रक्रियेच्या वेळी कोण हजर असावे आणि कोण नसावे, हे सरकारी वेळापत्रकाने ठरवलेले असते. अशा ठिकाणी मृत्यू घडला, तर त्याचे उत्तर देण्याची जबाबदारीही निमंत्रण देणाऱ्याचीच. योजनेचे यश सांगताना ज्या सरकारांनी रुग्णालयांतील प्रसूतींचा आकडा पुढे केला, त्यांनी या दुसऱ्या जबाबदारीसाठी मात्र कोणतीही यंत्रणा सभागृहांसमोर उभी केलेली नाही.

तीन गावे, एक प्रश्न

फेब्रुवारी-मार्च २०११ मध्ये राजस्थानातील जोधपूरच्या उमेद रुग्णालयात डझनाहून अधिक प्रसूत स्त्रिया काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावल्या. शिरेतून दिलेल्या दूषित द्रवावर संशयाची सुई स्थिरावली. त्या वेळी वृत्तपत्रांचे रकाने भरले, समित्या नेमल्या गेल्या, निलंबने झाली.

तेरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, कर्नाटकातील बळ्ळारीच्या जिल्हा रुग्णालयात सिझेरियन झालेल्या पाच स्त्रिया एकामागून एक दगावल्या. याही वेळी संशय शिरेतून दिलेल्या द्रवावरच होता. रिंगर लॅक्टेट हे त्याचे नाव. शस्त्रक्रियेच्या टेबलावर सर्रास वापरला जाणारा, कोणत्याही परिचारिकेच्या हाताखालचा हा द्रव. राज्याच्या औषध नियंत्रकांना निलंबित करण्यात आले. आरोग्यमंत्र्यांनी गरज पडल्यास राजीनाम्याची तयारी दर्शवली. राज्याच्या प्रयोगशाळेने निकृष्ट ठरवलेल्या काही खेपा केंद्रीय प्रयोगशाळेने योग्य ठरवल्या आणि म्हणून त्या पुन्हा वापरात आल्या, असा राज्य सरकारचा युक्तिवाद होता.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जानेवारी २०२५ मध्ये, पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सिझेरियननंतर एक बाळंतीण मरण पावली आणि तिच्यासोबतच्या काही जणी अत्यवस्थ झाल्या. तिथल्या द्रवाचा पुरवठाही बळ्ळारीत वादात सापडलेल्या कंपनीचाच होता. आरोग्य खाते स्वतःकडे ठेवणाऱ्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी बारा डॉक्टरांच्या निलंबनाची घोषणा केली. वरिष्ठ गैरहजर होते आणि शस्त्रक्रिया प्रशिक्षणार्थींनी केल्या, असा ठपका होता. बारांपैकी सहा जण प्रशिक्षणार्थीच होते. पुढे डॉक्टरांच्या संघटनांचा रोष वाढला आणि फेब्रुवारीत प्रशिक्षणार्थींचे निलंबन मागे घेण्यात आले.

राज्ये तीन आणि सत्ताधारी पक्षही वेगवेगळे. २०११ मध्ये जोधपुरात काँग्रेसचे सरकार होते, २०२४ मध्ये बळ्ळारीतही काँग्रेसचेच आणि २०२५ मध्ये मेदिनीपुरात तृणमूलचे. त्या त्या वेळी विरोधात असलेल्या पक्षाने राजीनाम्याची मागणी केली आणि सत्तेत असलेल्याने खालच्या अधिकाऱ्याला घरी बसवले. जोधपूरच्या घटनेतून देशाने नेमके काय शिकायचे ठरवले होते आणि ते शिकले गेले असते, तर बळ्ळारीची खेप रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी कुठे अडली असती, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

तो न विचारला जाण्यामागे घटनात्मक रचनेचाही हात आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार रुग्णालये राज्य सूचीत येतात. औषधे समवर्ती सूचीत येतात. वैद्यकीय व्यवसायही समवर्ती सूचीत येतो. कारखान्याला परवाना एक राज्य देते, माल दुसरे राज्य विकत घेते, नमुन्याची अंतिम तपासणी केंद्राच्या प्रयोगशाळेत होते आणि सलाईन लागते ते तिसऱ्याच कोणाच्या शिरेत. प्रत्येकाला आपल्या हद्दीपलीकडे बोट दाखवण्याची सोय आहे. सभागृहात दिलेले उत्तर प्रत्येक वेळी तांत्रिकदृष्ट्या खरे ठरते आणि प्रत्येक वेळी अपुरे राहते.

उत्तरदायित्वाचा तमाशा

उत्तर न मिळाल्याची पोकळी मग वेगळ्याच गोष्टींनी भरून निघते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांतील बारा नवजात अर्भके होती. महाराष्ट्र हादरला. औषधांची टंचाई, रिक्त पदे, आसपासच्या जिल्ह्यांतून अखेरच्या क्षणी पाठवले जाणारे रुग्ण, खरेदीची रखडलेली प्रक्रिया असे अनेक मुद्दे समोर आले. पण देशभरच्या दूरचित्रवाणी वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा दाखवले, ते दृश्य वेगळेच होते. हिंगोलीचे तत्कालीन खासदार रुग्णालयात पोहोचले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून प्रसाधनगृह स्वच्छ करून घेतले. त्याबद्दल खासदारांवर गुन्हा दाखल झाला. दुसरीकडे, एका बाळंतिणीच्या आणि तिच्या बाळाच्या मृत्यूप्रकरणी अधिष्ठात्यांवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, म्हणून निदान रिक्त पदांचा आणि खर्चाचा हिशेब तरी नोंदीवर आला.

कायदे करण्यासाठी निवडून दिलेला प्रतिनिधी झाडू हाती देतो, तेव्हा तो जनतेचा संताप व्यक्त करतो, हे खरे. पण रुग्णालयाची औषधे कोणी अडवली, हा प्रश्न मंत्र्यांना विचारण्याचे हक्काचे व्यासपीठ त्याच्यापाशी होते. ते सोडून त्याने सर्वांत सोपा माणूस निवडला. समोर असलेल्या, निरुत्तर झालेल्या आणि खुर्चीने तात्पुरत्या माणसाला जाहीरपणे खाली पाहायला लावणे, यालाच आपल्याकडे जाब विचारणे म्हणतात.

याचे दुसरे टोक मार्च २०२२ मध्ये राजस्थानातील दौसा जिल्ह्यात लालसोट येथे दिसले. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होऊन एक स्त्री दगावली. जमाव जमला आणि पोलिसांनी उपचार करणाऱ्या महिला डॉक्टरवर थेट खुनाचे कलम लावले. दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरने आत्महत्या केली. वास्तविक पाहता, प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूंचे सर्वांत मोठे कारण आहे आणि पूर्ण काळजी घेऊनही तो काही वेळा हाताबाहेर जातो. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केले होते, की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करायची, तर निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर स्वरूपाचा असला पाहिजे. तसेच तपास अधिकाऱ्याने आधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे मत घेतले पाहिजे. लालसोटच्या पोलीस ठाण्यात त्या निकालाचे स्मरण कोणालाही झाले नाही.

संसदेने या विषयाला स्पर्श केलाच नाही, असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नवी फौजदारी संहिता लोकसभेत आली, तेव्हा निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. डॉक्टरांसाठी मात्र गृहमंत्र्यांनी अधिकृत दुरुस्ती मांडून ती दोन वर्षांपर्यंत मर्यादित ठेवली. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद अमलात आहे. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ सदस्य निलंबित झाले होते आणि विरोधी बाकांवर तुरळक उपस्थिती होती. डॉक्टरला किती वर्षांची कैद असावी, एवढ्यावर विषय संपला. रुग्णालयाने, महामंडळाने, खात्याने कोणते उत्तर द्यावे, हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेवरच नव्हता. उत्तरदायित्व म्हणजे कोणाला तरी तुरुंगात टाकणे, एवढाच अर्थ आपल्या चर्चेला ठाऊक आहे. त्यामुळे एक तर कोणीच दोषी नसतो, नाही तर एकच दोषी असतो.

औरंगाबादचा धडा

संस्था दोषी असू शकते, हे तत्त्व आपल्याकडे कोणी मांडलेच नाही, असे मात्र नाही. ते मांडले गेले, तेही महाराष्ट्राच्याच एका खटल्यात. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. मुलगा झाला. तीन दिवसांनी तिच्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्या वेळी रक्त टिपण्याचा कापडी बोळा पोटात राहिला. पुढे पोट पुन्हा उघडून तो काढण्यात आला, पण संसर्ग पसरला होता. त्याच महिन्यात ती दगावली.

पतीने आणि मुलांनी दावा लावला. स्थानिक न्यायालयाने ३६ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. रुग्णालय चालवणे हे सरकारचे सार्वभौम कार्य आहे, त्यामुळे राज्याला जबाबदार धरता येणार नाही, हा तिथला एक आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये हा निर्णय फिरवला. रुग्णालय चालवणे हे कल्याणकारी कार्य आहे, सार्वभौम सत्तेचा वापर नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बोळा नेमक्या कोणाच्या हातून राहिला, हे निश्चित झाले नाही तरी निष्काळजीपणा त्या घटनेतूनच सिद्ध होतो आणि राज्याला भरपाई द्यावीच लागेल, असा निर्वाळा दिला.

या निकालाला बत्तीस वर्षांहून अधिक काळ लागला. जन्मलेला मुलगा तोवर बत्तीस वर्षांचा झाला होता. पण तत्त्व लख्ख होते. बळीचा बकरा शोधणे ही न्यायाची पूर्वअट नाही. हात कोणाचा, हे न ठरवताही घराने उत्तर द्यायचे असते.

दुर्दैवाने हे तत्त्व निकालपत्रातच राहिले, प्रशासनाच्या सवयीत उतरले नाही. त्यातच १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणताना, जिथे सर्वांना सेवा संपूर्णपणे मोफत मिळते, अशी रुग्णालये त्यातून वगळली. ग्राहकाची व्याख्या पाहता ते तर्काला धरून होते. पण परिणाम विचित्र झाला. खासगी रुग्णालयात पैसे मोजणाऱ्या कुटुंबाला ग्राहक मंचाचा तुलनेने सोपा दरवाजा उघडा राहिला. सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयात गेलेल्या मजुराच्या कुटुंबापुढे मात्र दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालयातील रिट अर्ज, एवढेच मार्ग उरले. जी व्यवस्था गरिबासाठी उभारली, तिलाच जाब विचारण्याची वाट गरिबासाठी सर्वांत लांब झाली.

आणखी एक विसंगती. नसबंदीच्या शस्त्रक्रियेत मृत्यू झाला, तर वारसांना दोष सिद्ध करत न बसता भरपाई देण्याची योजना देशात २००५ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ती आली. त्याच रुग्णालयात, त्याच टेबलावर, प्रसूतीच्या शस्त्रक्रियेत झालेल्या मृत्यूसाठी तशी देशव्यापी तरतूद नाही. कुटुंब नियोजनात लक्ष्य सरकारचे होते, म्हणून जोखीम सरकारने घेतली. मग रुग्णालयातील प्रसूती हेही सरकारचेच लक्ष्य नाही काय?

दिल्लीतील झाडाखाली

राजधानीत राहणाऱ्या आपल्यासारख्या स्थलांतरितांनी विशेष लक्षात ठेवावा असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने ४ जून २०१० रोजी दिला. न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांच्यापुढे दोन गरीब स्त्रियांची प्रकरणे होती. एकीकडे दारिद्र्यरेषेखालील असल्याचे कार्ड दाखवता न आल्याने उपचारासाठी वणवण झाली होती. ती स्त्री पुढच्या बाळंतपणात घरीच दगावली. दुसरीला महापालिकेच्या प्रसूतिगृहाने वाऱ्यावर सोडल्याने तिने जंगपुऱ्यात झाडाखाली मुलीला जन्म दिला होता. न्यायालयाने दोन्ही प्रकरणांत भरपाई दिली, मृत्यूचे परीक्षण करवून घेतले आणि सांगितले, की एका राज्यात गरीब ठरलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेली, तरी तिचा आरोग्यसेवेचा हक्क तिच्यासोबत गेला पाहिजे.

लातूर-बीडकडून रोजगारासाठी परप्रांतात गेलेली कुटुंबे असोत की बिहारमधून दिल्लीत आलेली, बाळंतपणाची वेळ परक्या शहरात आली, की कागदांची पहिली खिडकी आणि डॉक्टरांची दुसरी, हाच क्रम असतो. या स्त्रिया राज्याराज्यांच्या मधल्या फटीत सापडतात. ज्या राज्यात त्या मरतात, तिथे त्या मतदार नसतात. जिथे मतदार असतात, तिथल्या विधानसभेला त्यांच्या मृत्यूची वर्दी मिळत नाही. राज्यांच्या अखत्यारीचे कारण सांगून संसदेने हात झटकू नयेत, असा एक तरी वर्ग असेल, तर तो हा आहे.

उत्तर फाइलमध्ये आहे

या सगळ्यात सर्वांत क्लेशदायक बाब अशी, की कारणे कोणाला ठाऊकच नाहीत, असे नाही. केंद्राने २०१० मध्ये मातामृत्यू परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. त्यानुसार रुग्णालयात मृत्यू झाला, की तिथल्या समितीने परीक्षण करायचे, मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी, त्यानंतर काही प्रकरणांचे जिल्हाधिकाऱ्यांनी. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीला नातलगांना बोलावण्याचीही सोय त्यात आहे. रक्त वेळेत मिळाले का, रुग्णवाहिका किती वाजता निघाली, किती ठिकाणांहून पुढे पाठवले गेले, भूलतज्ज्ञ हजर होता का, हे सारे नमुन्यात भरायचे असते. त्या कागदांवर सह्या करणारे, त्यांचे गोषवारे वर पाठवणारे आणि दिल्लीत ते स्वीकारणारे अनेक मराठी अधिकारी हे सदर वाचत असतील. कागद कुठवर जातो आणि कुठे थांबतो, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

या परीक्षणामागे एक योग्य तत्त्व आहे. नाव घ्यायचे नाही, दोष द्यायचा नाही, चूक समजून घ्यायची. ते नसेल, तर कोणताही डॉक्टर खरे लिहिणार नाही. पण नाव गुप्त ठेवणे वेगळे आणि निष्कर्ष गुप्त ठेवणे वेगळे. आपण पहिल्याच्या आडून दुसरेही झाकून ठेवले आहे.

केरळने हा भेद ओळखला. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सरकारच्या साथीने २००४ पासून गोपनीय परीक्षण सुरू केले. इंग्लंडमध्ये १९५२ पासून चालत आलेल्या पद्धतीचा तो आदर्श होता. रुग्णाचे, डॉक्टरचे, रुग्णालयाचे नाव वगळून निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले. रक्तस्राव आणि उच्च रक्तदाब ही मोठी कारणे पुढे आली, तेव्हा त्यांवरील उपचाराचे निकष ठरवले आणि प्रशिक्षण दिले. २०१९-२१ मध्ये केरळचे प्रमाण २० होते. महाराष्ट्राचे २०१८-२० मध्ये ३३ होते, ते पुढच्या पाहणीत ३८ झाले. या वाढीवर कोविडची छाया असणार. पण नेमकी किती आणि कोणत्या जिल्ह्यांत, याचा छापील अहवाल विधिमंडळापुढे असता, तर अंदाजावर बोलावे लागले नसते.

बळ्ळारीनंतर कर्नाटकानेही एक पाऊल टाकले. एप्रिल ते डिसेंबर २०२४ या नऊ महिन्यांतील ४६४ मातामृत्यूंचे परीक्षण करून त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक टाळता आले असते, हे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले. स्वतःच्या कारभाराबद्दल असे वाक्य उच्चारायला धैर्य लागते. पण त्यासाठी आधी पाच बाळंतिणींचे एकाच रुग्णालयात मरणे आवश्यक असू नये.

मूळच्या बेळगावच्या, आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका ३१ वर्षांच्या दंतवैद्य स्त्रीचा ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात गर्भपात होत असताना जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. एका मृत्यूसाठी त्या देशात तीन स्वतंत्र चौकशा झाल्या आणि २०१३ मध्ये तिन्हींचे निष्कर्ष जाहीर झाले. उपचाराच्या तेरा संधी हुकल्याचे त्यांतील एका अहवालाने क्रमवार दाखवून दिले. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा केला आणि २०१८ मध्ये सार्वमताने संविधान बदलले. आयर्लंडची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी, हे मान्य. पण चौकशीचा अहवाल छापायला लोकसंख्या आड येत नाही.

मागण्या तीन

मग करायचे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक राज्याने मातामृत्यू परीक्षणाचा वार्षिक अहवाल, सर्व नावे वगळून, कारणांसह आणि केलेल्या कृतीसह विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. केंद्राने त्यांचे संकलन संसदेत मांडावे आणि आरोग्यविषयक स्थायी समितीने दरवर्षी त्यावर साक्षी घ्याव्यात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निधीला केंद्र अनेक अटी घालते, त्यांत ही एक घालायला संविधान आड येत नाही. दुसरी गोष्ट, एकाच रुग्णालयात थोड्या दिवसांत एकाहून अधिक संशयास्पद मृत्यू झाले किंवा औषधावर संशय आला, तर चौकशी त्या खात्याबाहेरच्या तज्ज्ञांनी ठरावीक मुदतीत करावी आणि तिची प्रत कुटुंबाला मिळावी. त्याआधी कोणाचेही निलंबन हे उत्तर समजले जाऊ नये. तिसरी गोष्ट, सरकारी रुग्णालयातील टाळता येण्याजोग्या मातामृत्यूसाठी नसबंदीच्या धर्तीवर भरपाई असावी.

यावर दोन आक्षेप येतील. अहवाल जाहीर झाले, तर डॉक्टर धास्तावतील, गुंतागुंतीची रुग्ण पुढे ढकलतील, असे म्हटले जाईल. पण आज ते धास्तावलेलेच आहेत, कारण आज फक्त व्यक्तीच पकडली जाते. संस्थेचा दोष कागदावर येऊ लागला, तर भूलतज्ज्ञाची रिक्त जागा डॉक्टरच्या माथी मारली जाणार नाही. दुसरा आक्षेप खासगी रुग्णालयांचा. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात खासगी रुग्णालयांतील ४७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या होत्या, सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. तिथले परीक्षण कोण करणार? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच परीक्षण नोंदणीच्या अटीत घातले पाहिजे. संसदेने २०१० मध्ये केलेला वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही, १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावरच भिस्त ठेवली. स्वतःचा कायदा ठेवायचा, तर त्यात ही अट घालण्यापासून राज्याला कोणी रोखलेले नाही.

पुढच्या अधिवेशनात मातामृत्यूंचा प्रश्न पुन्हा येईल. परिशिष्टातील आकडा आणखी थोडा खाली आलेला असेल आणि त्याबद्दल बाके वाजतील, ती वाजावीतही. त्याच वेळी एखाद्या सदस्याने उठून एवढेच विचारावे, की या परिशिष्टाला कारणांचा रकाना कधी जोडणार? त्या प्रश्नाचे उत्तर राज्यांच्या अखत्यारीत नाही. ते सभागृहाच्या अखत्यारीत आहे.